दूरच्या समुद्रावर ‘खारे वारे’ म्हणता येईल का?

प्रश्न : किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर असलेल्या समुद्रावरील हवेच्या रसायनाविषयी मी मराठीत टिपण लिहीत आहे. ‘समुद्राच्या वाफेबरोबर मीठ वर जाते आणि खारे वारे ते दूर नेतात’ या माझ्या वाक्यातील ‘वाफ’ आणि ‘खारे वारे’ या दोन्ही शब्दांवर दोना पावलाच्या एका स्नेह्यांनी हरकत घेतली आहे. ती योग्य आहे का?

उत्तर : दोन्ही हरकती योग्य आहेत. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते म्हणून समुद्राकडून जमिनीकडे जे वाहतात ते खारे वारे, आणि रात्री उलट दिशेने वाहतात ते मतलई वारे. या जोडीला किनारा लागतोच. जिथे किनारा नाही तिथे नुसते ‘सागरी वारे’ म्हणावे. ‘वाफ’ हा शब्द तर अर्थच बिघडवतो. आगरवाड्याच्या मिठागरात उन्हाने पाणी उडून जाते आणि वाफ्यात पांढरे मीठ खालीच उरते, हे आपण गोव्यात डोळ्यांनी पाहतो. किलोभर समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, पण ते हवेत चढतात ते लाटा फुटताना पाण्यात कोंडलेले बुडबुडे पृष्ठभागावर येऊन फुटतात तेव्हा उडणाऱ्या अतिसूक्ष्म थेंबांतून. ओले असेपर्यंत त्यांना ‘तुषार’ म्हणावे आणि सुकल्यावर ‘लवणकण’. ‘वायुकलिल’ (हवेत तरंगणारे सूक्ष्म थेंब किंवा कण) हा पारिभाषिक शब्द दोहोंना चालतो, परंतु सामान्य वाचकाला तो पहिल्यांदा समजावून द्यावा लागेल.

पुरवणी : ‘खारी हवा’ म्हटले की मिठापलीकडचे सगळे निसटते, याची मला अधिक काळजी वाटते. समुद्राच्या ओळखीच्या वासात डायमिथाइल सल्फाइड या वायूचा वाटा असतो. वनस्पती प्लवकांनी, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींनी, तयार केलेल्या द्रव्यापासून तो पाण्यात बनतो, हवेत आल्यावर त्याचे ऑक्सिडीकरण होऊन गंधकाम्लाचे कण तयार होतात आणि त्यांच्याभोवती ढगांचे थेंब धरतात. हा वायू समुद्रातून वर येण्यासाठी ‘उत्सर्जन’ हा शब्द चुकीचा नाही, मात्र त्याने धुराडे डोळ्यांपुढे येते. ‘पाण्यातून हवेत येतो’ इतके पुरते. आयोडीनसाठी मात्र ‘मुक्त होते’ हेच क्रियापद अचूक आहे, कारण हवेतला ओझोन पृष्ठभागावरील आयोडाइडशी (पाण्यात विरघळलेल्या आयोडीनच्या रूपाशी) अभिक्रिया करतो तेव्हा आयोडीन सुटे होऊन वर येते, उन्हाने त्याचे अणू विलग होतात आणि तेच अणू पुन्हा ओझोनचा नाश करतात.