ऱ्हाईनच्या दोन तीरांवर : स्ट्रासबूर्ग–केल सीमेचे तुमचे अनुभव सांगा

गेली अकरा वर्षं मी स्ट्रासबूर्गला राहते. फ्रान्सच्या पूर्व टोकाचं हे शहर, समोर ऱ्हाईन नदी आणि पलीकडच्या तीरावर जर्मनीतलं केल. डी मार्गाची ट्राम पकडली की वीसेक मिनिटांत मी दुसऱ्या देशात वाणसामान घेत असते. मागच्या महिन्यात आई पहिल्यांदाच आली. ट्राममध्ये बसल्यावर म्हणाली, "बॉर्डर आली की सांग गं." मी बोलण्याच्या नादात राहिले आणि सांगितलं तेव्हा नदी मागे पडली होती. आई मान वळवून त्या पाण्याकडे बघत राहिली. "एवढीच?" म्हणाली.

एवढीच नाही, हे तिला रात्री जेवताना सांगत बसले. १८७०-७१ च्या युद्धानंतर हा आल्सास प्रांत जर्मनीने घेतला. १९१८ मध्ये तो फ्रान्सकडे परत गेला, १९४० मध्ये हिटलरने पुन्हा गिळला, आणि १९४४-४५ मध्ये पुन्हा फ्रान्स. दीर्घायुषी माणसाचं नागरिकत्व घर न सोडता चार वेळा बदललं. इथला पहिला रेल्वेपूल १८६१ चा. त्याच्या दोन्ही टोकांना फिरवून बाजूला करता येणारे भाग मुद्दाम ठेवले होते, म्हणजे वेळ आली तर आपल्या बाजूने वाट तोडता यावी. पूल बांधतानाच तो तोडायची सोय करणारी ही सीमा. तिथे आज ट्राम दर काही मिनिटांनी ये-जा करते, ते २०१७ पासून.

इथे राहणाऱ्या, शिकलेल्या, नुसत्या येऊन गेलेल्या सगळ्यांनीच लिहा. छोटं असलं तरी चालेल.

*

मी इथे मास्टर्सला होते, २०१८ ते २०२०. आम्हा विद्यार्थ्यांसाठी केल म्हणजे स्वस्ताई! शाम्पू, टूथपेस्ट, क्रीम, सगळं पलीकडून. उलट फ्रेंच मंडळी तिकडे सिगारेटी घ्यायला जायची, स्टॉपवर उतरलं की तंबाखूची दुकानंच दुकानं. जर्मनीत प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, फ्रान्समध्ये ती पद्धत नाही. त्यामुळे माझ्या खोलीच्या दाराशी रिकाम्या बाटल्यांची एक पिशवी कायम टांगलेली असायची, पुढच्या केलवारीसाठी.

आणखी एक आठवतं. ११ नोव्हेंबरला पहिलं महायुद्ध थांबलं म्हणून फ्रान्समध्ये सुट्टी असते, जर्मनीत नसते. त्या दिवशी अख्खं स्ट्रासबूर्ग केलच्या दुकानांत लोटतं. पहिल्या वर्षी मला ते विचित्र वाटलं होतं. दुसऱ्या वर्षी रांगेत उभी असताना वाटलं, युद्ध संपल्याचा दिवस साजरा करायला समोरच्या गावात बाजारहाटाला जाणं, यात खरं तर काहीच वावगं नाही.

*

आम्ही पहिली पाच वर्षं ज्या इमारतीत होतो तिथे खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या. जन्म १९२८ चा. माझं फ्रेंच कच्चं होतं म्हणून त्या सावकाश बोलायच्या, आणि रागावल्या की आल्सासी बोलीत शिरायच्या. त्यांच्यामुळे मला ही सीमा कळली.

सप्टेंबर १९३९ मध्ये स्ट्रासबूर्ग रिकामं केलं गेलं. आजी अकरा वर्षांच्या. माणशी एक बोचकं घेऊन सगळे दूर नैऋत्येला, दोर्दोन्य भागात. पुढच्या वर्षी परत आल्या तर शाळेत मास्तर जर्मन, फ्रेंच बोलायला बंदी, रस्त्यांची नावं बदललेली, माणसांचीसुद्धा. ज्याँचा योहान झाला. डोक्यावर फ्रेंच बेरे टोपी घालायलाही मनाई. आजी म्हणायच्या, "वडिलांनी ती टोपी कोळशाच्या पेटीत लपवली, आणि रोज कोळसा काढताना ती काळी होत गेली."

ऑगस्ट १९४२ मध्ये आल्सासच्या मुलांची सक्तीने जर्मन सैन्यात भरती सुरू झाली. आल्साससोबत शेजारच्या मोझेल भागातली धरून अशी सुमारे १ लाख ३० हजार मुलं. पळून गेलं तर घरच्यांना उचलून नेत. बहुतेकांना रशियाच्या आघाडीवर धाडलं. त्यांना इथे 'मालग्रे नू' म्हणतात, म्हणजे 'आमच्या मनाविरुद्ध'. आजींचा मोठा भाऊ त्यातला. रशियनांनी पकडलेल्या अशा मुलांना तांबोव्हच्या छावणीत ठेवत, तिथे तो होता एवढं एका परतलेल्या मित्राने सांगितलं. तो स्वतः आला नाही.

आजींच्या कपाटावर त्याचा फोटो होता. चौकट मोठी आणि आत फोटो अगदी छोटा, हनुवटीच्या खाली कात्रीने सरळ कापलेला. मी बरेच दिवस विचारलं नाही. मग एकदा त्यांनीच सांगितलं, त्याचा तेवढा एकच मोठेपणीचा फोटो होता आणि तो जर्मन गणवेशातला होता. आईने गणवेश कापून टाकला.

आजी २०१९ मध्ये गेल्या. हे लिहायला मला बराच वेळ लागला.

*

वरचं वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. पण मी केलमध्ये राहतो म्हणून इकडची बाजूही मांडतो. २३ नोव्हेंबर १९४४ ला स्ट्रासबूर्ग मुक्त झालं आणि केलची माणसं घाईघाईने गाव सोडून निघाली. युद्धानंतर फ्रान्सने केल आपल्या ताब्यात ठेवलं, तिथे स्ट्रासबूर्गची फ्रेंच कुटुंबं राहू लागली. मूळ गावकऱ्यांना १९४९ पासून टप्प्याटप्प्याने परत येऊ दिलं, शेवटचा भाग मिळाला १९५३ मध्ये. आमचे घरमालक तेव्हा पंधरा वर्षांचे होते. ते सांगतात, आपल्या घराच्या दारावर टकटक करून आत जायला विचारावं लागलं. आतल्या फ्रेंच बाईंनी त्यांच्या आईला स्वयंपाकघराची किल्ली दिली आणि दोघी बायका ओट्याशी उभ्या राहून रडल्या. कोण कोणासाठी, ते त्यांना अजून कळलेलं नाही म्हणतात.

*

नव्याने येणाऱ्यांना एक कळकळीची सूचना. सीमा दिसत नाही म्हणून ती नाही असं समजू नका. तुमचं फ्रान्सचं रहिवासी कार्ड असेल तर जर्मनीत फिरता येतं, पण पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ हवं. मी एकदा फक्त दूध आणायला म्हणून पाकीट घेऊन गेलो. केलच्या स्टॉपवर पोलिस ट्राममध्ये चढले. डब्यात तीसेक माणसं, कागद मागितले ते माझे आणि एका आफ्रिकन मुलाचे. दीड तास बसवून ठेवलं, बायको कागद घेऊन आली तेव्हा सुटका. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्याच सीमांवर तपासणी सुरू केलीय, त्यामुळे आता तर विसरूच नका. माझ्या शेजारच्या सीटवरच्या फ्रेंच बाई मात्र स्वतःहून उतरून माझ्याबरोबर थांबल्या होत्या, अर्धा तास, भाज्यांच्या पिशवीसकट. त्यांचं नावही विचारायचं राहिलं.

*

१६ मार्च २०२०. मी राहायला स्ट्रासबूर्गला, नोकरी केलला. त्या दिवशी जर्मनीने सीमा बंद केली. कामावर जाणाऱ्यांना मालकाचं पत्र दाखवून जाता येई, पण ट्राम पुलाच्या अलीकडेच थांबायची आणि पायी जायच्या सुंदर पुलावर लोखंडी जाळ्या लागल्या. जाळीच्या दोन बाजूंना उभं राहून बोलणारी जोडपी मी पाहिली आहेत. तेव्हा करोनामुळे आल्सासमधली इस्पितळं तुडुंब भरली होती आणि समोरच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्यातल्या इस्पितळांनी इथले रुग्ण घेतले. रात्री हेलिकॉप्टर नदी ओलांडताना ऐकू यायचं. माणसांना बंद आणि रुग्णांना उघडी, अशी ती सीमा तीन महिने होती. १५ जूनला जाळ्या निघाल्या.

*

रेल्वेवेड्यांसाठी : फ्रान्समध्ये गाड्या डाव्या रुळावरून धावतात, आल्सासमध्ये उजव्या. कारण इथली रेल्वे जर्मन अमदानीत वाढली. आल्सास जर्मनीत असतानाची सीमा जिथे होती तिथे रुळांवरून रुळ नेऊन बाजू बदलतात. १९०५ चा धर्म आणि सरकार वेगळं करणारा फ्रेंच कायदाही इथे लागू नाही, कारण तेव्हा हे फ्रान्स नव्हतंच. जर्मन अमदानीपासूनच्या गुड फ्रायडे आणि २६ डिसेंबर या दोन जादा सुट्ट्याही इथे टिकून आहेत!

*

मी बेळगावचा. पाटीवर कुठली भाषा यावरून काय काय होतं ते बघतच मोठा झालो, त्यामुळे कुठेही गेलो तरी नजर आधी पाट्यांवर जाते. स्ट्रासबूर्गच्या जुन्या गावात गल्लीचं नाव वर फ्रेंचमध्ये आणि खाली आल्सासीत लिहिलेलं पाहिलं. त्या पाटीचा फोटो काढून बाबांना पाठवला. त्यांनी दहा मिनिटांत फोन केला आणि पहिला प्रश्न, "कुणी काळं फासत नाही?"

*

आमची लेक पोर दु ऱ्हँ या स्ट्रासबूर्गच्या नदीकाठच्या वस्तीतल्या पाळणाघरात जायची. निम्मी मुलं फ्रेंच, निम्मी जर्मन, सांभाळणाऱ्या ताया दोन्हीकडच्या. अडीच वर्षांची असताना ती पाणी मागायची तेव्हा समोरच्याचं तोंड बघून शब्द निवडायची. मला "पाणी", एका ताईला "ओ", दुसरीला "वासर".

*

सगळ्यांचे मनापासून आभार. आजींबद्दल लिहिणाऱ्या ताई, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. काल तिला रेपुब्लिक चौकातल्या स्मारकाकडे घेऊन गेले. १९३६ चं आहे. एक आई, तिच्या मांडीशी दोन मरणारी मुलं, एक फ्रान्सच्या बाजूचा, एक जर्मनीच्या. अंगावर गणवेश नाहीत. फ्रान्समधल्या बऱ्याच स्मारकांवर 'फ्रान्ससाठी मेलेल्यांना' असं काहीतरी असतं, इथे फक्त 'आमच्या मेलेल्यांना' एवढंच कोरलंय.

आईला फ्रेंच येत नाही. तिने विचारलं, "ही मुलं कुणाकडून लढली?" मी सांगितलं. ती पायऱ्यांवर बसली आणि आम्ही पुढच्या दोन ट्राम जाऊ दिल्या.

कुणी येणार असाल तर रेपुब्लिक स्टॉपला उतरा, स्मारक झाडांच्या आत आहे, पटकन दिसत नाही.