मदत हवी आहे: दाट मेघांतलं गंधक जातं कुठे?

मंडळी, आंतरतारकीय मेघांतल्या गंधकयुक्त रेणूंबद्दल वाचतोय आणि एका जागी पुरता अडकलोय. १९७१ मध्ये कार्बन मोनोसल्फाइडची वर्णपटरेषा (रेणूची ओळख पटवणारी ठरावीक कंप्रता) १४७ गिगाहर्ट्झजवळ सापडली. पुढे हायड्रोजन सल्फाइड, सल्फर मोनॉक्साइड अशी यादी वाढतच गेली. टॉरस (वृषभ) तारकासमूहातल्या टीएमसी-१ या थंड मेघात तर स्पेनमधल्या येबेसच्या ४० मीटर रेडिओ दुर्बिणीने कार्बनच्या लांब साखळीला गंधक जोडलेले रेणूही पकडले. तरीही अशा दाट मेघांत वायुरूपात दिसणारं सगळं गंधक एकत्र केलं, तर ते अपेक्षेच्या मानाने फारच थोडं भरतं. विरळ मेघांत मात्र जवळपास पूर्ण हिशेब लागतो.

उरलेलं धूलिकणांवरच्या बर्फात गेलं असावं, हे पटतं. पण तिथेही कार्बोनिल सल्फाइडपलीकडे खात्रीचं फारसं काही हाती लागत नाही. आठ अणूंच्या कड्याच्या रूपात असेल तर पंचाईतच: त्या रेणूला स्थायी द्विध्रुव आघूर्ण (विद्युतभाराची कायमची असमान विभागणी) नाही, म्हणजे रेडिओ दुर्बिणीला तो दिसणारच नाही! मग तारा जन्मताना तापलेल्या गाभ्यात बर्फ सुटल्यावर जे सल्फर डायऑक्साइड दिसतं, त्यावरून उलटा हिशेब मांडता येतो का?

दुसरी शंका मोजणीची. कार्बन मोनोसल्फाइडची मुख्य रेषा अपारदर्शी झाली (म्हणजे मेघाच्या आतल्या रेणूंचं प्रारण बाहेर पोचेनासं झालं) की गंधक-३४ या गंधकाच्या दुर्मीळ, जड समस्थानिकवाल्या रेणूची रेषा घेऊन सुमारे २२ ने गुणतात. नेहमीच्या गंधक-३२ चं गंधक-३४ शी असलेलं हे गुणोत्तर सौरमालेतलं. आकाशगंगेच्या केंद्राजवळच्या मेघांना ते कितपत चालतं? प्रत्यक्ष निरीक्षणं केलेल्यांनी कृपया सांगावं.