मदत हवी आहे: जीपच्या नव्या डिफ कव्हरमध्ये तेल नक्की किती भरायचं?

मंडळी, इथे अमेरिकेत जीप रँग्लर असलेलं कोणी आहे का? माझी २०१२ ची रुबिकॉन, मागचा अ‍ॅक्सल डाना ४४. दगडावर आपटून मागच्या डिफच्या (डिफरन्शियल, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) जुन्या पत्र्याच्या कव्हरला चांगलाच पोचा आला म्हणून बाहेरचं जाड ओतीव कव्हर आणलं, बसवलं, सिलिकॉन रात्रभर सुकवला आणि आता घोडं अडलंय तेलापाशी.

जुन्याचं सोपं होतं, गाडी सपाट जागी लावायची, तेल भरायच्या भोकात करंगळी वाकवून घालायची, तेल टेकलं की बूच लावून मोकळं. नव्याचं भोक मात्र बरंच वर आहे, दोन्ही कव्हरं बोल्टांची भोकं जुळवून मोजली तर पाऊण इंच फरक! त्यात हे पोटानेही मोठं, म्हणजे मॅन्युअलमधला आकडा ओतला तर पातळी खाली राहून पिनियनचं (इंजिनाकडून डिफमध्ये ताकद आणणारा छोटा गिअर) बेअरिंग कोरडं पडायची भीती, आणि भोकापर्यंत भरलं तर फेस होऊन ब्रीदरमधून (हवा सुटायची नळी) बाहेर, नाहीतर सीलमधून थेट ब्रेकवर. सोबतच्या कागदावर फक्त 'भोकापर्यंत भरा', बाकी काही नाही.

जुन्या भोकाची उंची नव्यावर मार्करने आखून तारेची डिपस्टिक करावी असं डोक्यात आहे. पण गाडी ३ इंच उंच करून घेतलीय, त्या लिफ्टमुळे पिनियनचं नाक वर उचललंय, मग पातळी थोडी वर ठेवायची का, आणि किती? तेल ७५डब्ल्यू-१४० आणलंय.

कोणी स्वतः केलं असेल तर सांगा राव, गाडी जॅकस्टँडवर आहे आणि बायकोची गाडी बाहेर पावसात भिजतेय.