मदत हवी आहे: रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर सबस्क्रिप्शनवर गेलं, मंडई (गावोगावची जत्रा) लागायच्या आधी काय करू?

झाडीचा_सूर

जय गुरुदेव मंडळी.

गडचिरोलीतल्या वडसा भागात एका खेड्यात माझी रेकॉर्डिंगची खोली आहे. झाडीपट्टीच्या नाटकांची गाणी, भजनी मंडळांची रेकॉर्डिंग, १४ एप्रिलच्या आधी भीमगीतं आणि प्रचारगाडीच्या भोंग्यावर वाजणारं निवेदन, असं काम असतं. रंगमंचावर आमच्याकडे अजूनही ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड समोर बसून वाजवतात. पण नाचाच्या गाण्यांचे ट्रॅक आणि यूट्यूबवर टाकायची गाणी खोलीतच होतात.

ज्या सॉफ्टवेअरवर हे सगळं करतो ते मी एकदाच पैसे मोजून घेतलं होतं. नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर अख्खा धागा त्या कंपनीला शिव्या घालण्यात जाईल. आता त्यांचा मेल आलाय की पुढची आवृत्ती फक्त सबस्क्रिप्शनवर. जुनी चालेल, पण तिच्यात दुरुस्त्या होणार नाहीत आणि मशीन बदललं तर जुनं लायसन्स नव्या मशीनवर चढेलच असं नाही.

पैशाचं आधी सांगतो. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) लागले की आमचा हंगाम सुरू होतो, होळीपर्यंत चालतो. त्यानंतर लग्नाची दोन-चार गाणी. धानाची रोवणी सुरू झाली की गायक, तबलजी, ऑर्गनवाले सगळे बांधीत (भाताच्या शेतात). तेव्हा माझा कॉम्प्युटर चादरीखाली असतो. सबस्क्रिप्शनचं भाडं मात्र बारा महिन्यांचं भरायचं. आणि एवढं भरून जे मिळणार, त्यातलं निम्मं मी आयुष्यात उघडणार नाही.

दुसरं, नेट. वीज गेली की थोड्या वेळात टॉवरही जातो. सबस्क्रिप्शनवालं सॉफ्टवेअर अधूनमधून सर्व्हरला विचारून येतं म्हणे. नाटक कंपनीची माणसं खोलीत बसली आहेत, रात्री प्रयोग आहे आणि स्क्रीनवर 'लॉगिन करा' आलं तर मी काय करणार?

पण खरी झोप उडाली आहे ती जुन्या प्रोजेक्टांमुळे. बाहेरच्यांना वाटतं गाणं झालं, फाइल दिली, विषय संपला. नाटकाचं तसं नसतं. चाललेलं नाटक पुढच्या हंगामात पुन्हा लागतं आणि तोवर गायिका बदललेली असते. काळी पाच पट्टीत गायलेलं गाणं नव्या बाईंना काळी चारमध्ये हवं असतं. कधी निर्माता म्हणतो, ते मधलं कडवं काढा, नाच लांबतोय. हे सगळं प्रोजेक्ट उघडलं तरच होतं. भाडं थांबवलं की माझीच गाणी मला उघडता येणार नाहीत, हे काही मनाला पटत नाही.

तर विचारायचं ते हे. जुन्या आवृत्तीवर किती काळ निभेल? जुनी गाणी सुरक्षित कशी ठेवायची? दुसरीकडे जायचं तर कुठे? आणि परदेशी साइटवर माझं कार्ड चालत नाही, त्याचं काय करायचं?

क्रॅक (चोरीची प्रत) सुचवू नका. लोकांची गाणी आहेत मशीनमध्ये.

नागपूरचा_मिक्सर

दादा, हंगाम तोंडावर असताना सॉफ्टवेअर बदलू नका. जुनी आवृत्ती कंपनीने सुधारणं थांबवलं म्हणून ती उद्या बंद पडत नाही. ती बंद पडते विंडोज बदललं, मदरबोर्ड गेला किंवा साउंड कार्डाचा ड्रायव्हर जुळला नाही की. म्हणून ते मशीन आहे तसं गोठवा. इन्स्टॉलरची फाइल, लायसन्सचा नंबर, ड्रायव्हर, प्लगइनांचे (सॉफ्टवेअरला जोडायच्या इफेक्ट-वाद्यांचे) इन्स्टॉलर हे सगळं दोन वेगळ्या डिस्कवर घ्या. पूर्ण डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) काढली तर सगळ्यात बरं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, तेव्हा तेच असेल तर त्या मशीनवर नेट लावूच नका. मेल, यूट्यूब दुसऱ्या लॅपटॉपवर किंवा फोनवर.

जुन्या गाण्यांचं उत्तर म्हणजे स्टेम. प्रत्येक ट्रॅक वेगळा, सगळे गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू होणारे, वेव्ह फाइलमध्ये, २४ बिटमध्ये काढून ठेवा. तुकडे तुकडे काढू नका, नाहीतर पुढे कुठला तुकडा कुठे बसतो ते शोधत बसाल. गायनाचे दोन प्रकार काढा, एक कोरडा आणि एक इफेक्टसकट. कोरडा अशासाठी की उद्या तोच रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) तुमच्याकडे नसेल. इफेक्टसकट अशासाठी की तेव्हा काय ऐकू येत होतं ते कळावं. कीबोर्डचे भाग मिडी (आवाज नाही, फक्त कुठला स्वर कधी वाजला याची नोंद) म्हणूनही काढा. काळी पाचचं काळी चार करायचं ते त्यातूनच सोपं जाईल, दोन अर्धस्वर (सेमीटोन) खाली ओढलं की झालं. पट्टी बदलताना ढोलकीच्या ट्रॅकला हात लावू नका.

जागेची काळजी नको. ४८ किलोहर्ट्झला एक मोनो ट्रॅक मिनिटाला साडेआठ-नऊ एमबी खातो. पाच मिनिटांचं, १६ ट्रॅकचं गाणं ७०० एमबीच्या आसपास. एक टीबीच्या डिस्कवर हजाराहून जास्त गाणी बसतील.

खंजिरी_वर्धा

स्टेम वगैरे ठीक आहे, पण सगळे इतके शांत कसे? पैसे देऊन घेतलेली वस्तू हळूहळू भाड्याची करायची ही आता रीतच झाली आहे. फोटोशॉपवाल्या अॅडोबीने २०१३ मध्ये केलं. आपल्याकडच्या किती जणांचे हात कूल एडिट या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरवर बसले होते! ते अॅडोबीने २००३ मध्ये विकत घेऊन त्याचं ऑडिशन केलं आणि दहा वर्षांनी तेही भाड्यात गेलं. प्रो टूल्स हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या अॅव्हिडने २०१५ पासून तोच रस्ता धरला.

पण ओरडलं की फरक पडतो, हेही लक्षात ठेवा. वेव्हज या प्लगइन कंपनीने मार्च २०२३ मध्ये एकरकमी विक्री बंद करून फक्त सबस्क्रिप्शन ठेवलं होतं. जगभरचे मिक्सिंगवाले असे तुटून पडले की काही दिवसांत माफी मागून जुनी पद्धत परत आणावी लागली. झाडीचा_सूर, त्या मेलला उत्तर लिहा. हंगामाचं कारण तुम्ही इथे लिहिलंय तसंच्या तसं लिहा. मी लिहिलं तर ते नुसतं भांडण वाटेल.

डबिंगवाली

मी थोडं उलट बोलते, रागावू नका. मी स्वतः सबस्क्रिप्शन वापरते. एखादा स्टुडिओ प्रो टूल्सचंच सेशन मागतो, तेव्हा एका महिन्यापुरतं घेते, काम देते, थांबवते. एकरकमी किंमत मला कधीच झेपली नसती. तुमचा हंगाम चार-पाच महिन्यांचा असेल तर तेवढेच महिने भरा ना!

एक मात्र बारकाईने पाहा. जाहिरातीत महिन्याचा आकडा मोठ्या अक्षरात असतो, पण करार कधी कधी वर्षाचा असतो आणि महिने फक्त हप्ते असतात. मध्येच सोडलं तर दंड बसतो. याच मुद्द्यावर अमेरिकेच्या सरकारने २०२४ मध्ये अॅडोबीला कोर्टात खेचलं. खऱ्या अर्थाने महिन्याचं असेल तरच घ्या.

झाडीचा_सूर

ताई, रागवायचं काय त्यात. पण ऑगस्टमध्ये पुण्याहून एखाद्याचा फोन येतो, "ते गाणं जरा पाठवा, आवाज वाढवून." दोन मिनिटांचं काम, त्याचे पैसेही मागता येत नाहीत. त्यासाठी महिन्याचं भाडं भरू? तुमच्याकडे प्रोजेक्ट संपतं. आमच्याकडचं संपतच नाही.

ढोलकी_भंडारा

भाऊ, मी दोन हंगामांपासून रीपर नावाच्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरवर काम करून राहिलो. मले काही त्रास नाही. साठ दिवस फुकट वापरा, मग घ्यायचं तं साठ डॉलर. हे लहान धंद्यासाठी, म्हणजे वर्षाची उलाढाल वीस हजार डॉलरच्या आत असली तं. आपल्यापैकी कोणाची तेवढी आहे बाप्पा! त्यावर असली तं २२५ डॉलर. एकदा घेतलं की दोन मोठ्या आवृत्त्यांपर्यंत चालते. सातवर घेतलं तं आठ संपेपर्यंत. त्याच्यानंतरही जुनं बंद नाही होत, फक्त नवीन पाहिजे असलं तं पुन्हा पैसे. लायसन्स म्हणजे एक छोटी फाइल, ते पेन ड्राइव्हवर ठेवा. नेट नसलं तरी चालते, त्याचं तुमच्या टॉवरशी काही घेणंदेणं नाही.

आता वाईट बाजूही सांगतो. आवाज म्हणून सोबत काही येत नाही. पियानो, व्हायोलिन, तानपुरा, सगळं तुमचं तुम्हाले जमवा लागते. पहिल्यांदा उघडलं तं रिकामी पाटी दिसते आणि मेनूत माणूस हरवून जाते. मी तं पहिल्या आठवड्यात डिलीटच करणार होतो. आणि ढोलकी, संबळ, हलगी कोणत्याच परदेशी सॉफ्टवेअरमध्ये धड नसते, ते तं तुमच्याकडे वाजवणारे बसलेच आहेत. फुरसतीत एकेक बोल रेकॉर्ड करून ठेवा, जन्मभर कामी येईल.

रातराणी_७

फुकटचं केकवॉक सॉफ्टवेअर घ्या की सरळ. आणि नसेल जमत तर क्रॅक आहेच, खेड्यात कोण येतंय पाहायला.

नागपूरचा_मिक्सर

धागाकर्त्यांनी क्रॅक नको म्हणून स्पष्ट लिहिलंय, तो विषय बंद.

केकवॉकचं मात्र सांगण्यासारखं आहे. २०१७ च्या शेवटी गिब्सन कंपनीने ते बंद केलं, तेव्हा पैसे देऊन घेतलेले लोक वाऱ्यावर. २०१८ मध्ये बँडलॅब कंपनीने विकत घेऊन फुकट दिलं, पण मधूनमधून नेटवर जाऊन नोंद ताजी करावी लागायची. म्हणजे फुकट होतं, तरी चावी कंपनीच्याच हातात. दादांना त्रास भाड्याचा आहे त्याहून जास्त चावीचा आहे. म्हणून मी फुकट की विकत हे आधी बघणार नाही. नेट काढून, तारीख पुढे ढकलून ते उघडतं का, हे बघेन. रीपर त्यात बसतं. आर्डर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअरसुद्धा बसतं, ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, पण हंगाम तोंडावर असताना त्या वाटेला आत्ता जाऊ नका. निवेदनाच्या रेकॉर्डिंगला ऑडॅसिटी हे साधं सॉफ्टवेअर पुरेसं आहे.

प्लगइनांचं विसरू नका. मुख्य सॉफ्टवेअर सुटलं तरी प्रत्येक प्लगइनचं लायसन्स वेगळं, त्याचं नेटवर जाणं वेगळं.

काउंटर_नंबर_तीन

कार्डाचं मी सांगतो, बँकेत आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नवीन कार्ड परदेशी व्यवहारांसाठी बंदच येतं. बँकेच्या अॅपमध्ये कार्डाच्या सेटिंगला जाऊन आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार सुरू करा, मर्यादा गरजेपुरती ठेवा, पैसे भरले की पुन्हा बंद करा. तरीही चाललं नाही तर कार्ड कुठलं आहे ते पाहा. बऱ्याच परदेशी साइट रुपे घेत नाहीत, तिथे व्हिसा किंवा मास्टरकार्ड लागतं. बँक चलन बदलण्याचं शुल्क वेगळं लावते, ते हिशेबात धरा.

आणि दर महिन्याला आपोआप कापले जाणारे पैसे असतील तर २०२१ पासून नियम वेगळा आहे. पहिल्यांदा ओटीपी देऊन परवानगी द्यावी लागते, नंतर १५,००० रुपयांपर्यंत ओटीपीशिवाय कापता येतात. कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेकडून सूचना यायला हवी. तिथूनच ती परवानगी रद्दही करता येते, कंपनीच्या साइटवर बटण शोधत बसायची गरज नाही. पण वर ताईंनी सांगितलेला वर्षाचा करार असेल तर परवानगी रद्द केल्याने करार संपत नाही, एवढं लक्षात ठेवा.

झाडीचा_सूर

मंडळी, खूप उपकार झाले. ठरवलं ते असं. हा हंगाम जुन्यावरच काढतो आणि त्या मशीनचं नेट आजच काढतो. मेललाही उत्तर लिहितो, खंजिरी दादा, तुमच्या सांगण्यावरून. स्टेम काढायला सगळी गाणी नाही, आधी यंदा पुन्हा लागणाऱ्या नाटकांची घेतो. रीपर लॅपटॉपवर टाकून एका भजनावर हात बसवून पाहतो, त्यात खंजिरी आणि पेटीच असते, जास्त पसारा नाही.

एक शंका राहिली. आमचे जुने ऑर्गनवाले क्लिकवर (कॉम्प्युटरच्या ठरावीक लयीच्या टिकटिकीवर) वाजवत नाहीत. आलाप मोकळा, मग ठेका, मग शेवटी लय वाढवतात. अशा गाण्याचे स्टेम दुसरीकडे नेले तर ठेका आणि मिडी जुळेल का?

नागपूरचा_मिक्सर

सगळ्या वेव्ह फाइली शून्यापासून सुरू होत असतील तर त्या एकमेकींशी जुळतातच, तिथे टेम्पोचा (लयीच्या आकड्याचा) संबंध नाही. मिडीचं मात्र बिघडू शकतं, कारण मिडी टेम्पोच्या हिशेबाने बसते. तुमच्या जुन्या प्रोजेक्टात जो टेम्पो लिहिलेला असेल, भले तो गाण्याशी जुळत नसेल, तोच आकडा नव्या प्रोजेक्टात आधी टाका आणि मग मिडी आणा.

तो आकडा फोल्डरच्या नावातच लिहून ठेवा. सोबत नाटक, गाणं, पट्टी आणि वर्ष.

ढोलकी_भंडारा

आणि गायिकेचं नावही टाका भाऊ. पट्टी तिच्यावरूनच आठवते.