भूकंपानंतर आधी काय सुरू करावं, नळ की ड्रेनेज?

माझं मत स्पष्ट आहे. ड्रेनेज लाइन तपासल्याशिवाय घरोघरी पाणी सोडू नये. २२ फेब्रुवारी २०११ ला न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला भूकंप झाला, तेव्हा जमिनीचं द्रवीकरण झालं, म्हणजे हादऱ्यांनी पाण्याने भिजलेली वाळू चिखलासारखी पातळ झाली. निखळलेल्या सांध्यांतून राखाडी गाळ पाइपांत शिरला, मॅनहोल रस्त्याच्या वर उचलली गेली. ड्रेनेज चालतं उतारावर, आणि तो उतार कित्येकदा शंभर मीटरला जेमतेम अर्धा मीटर. जमीन वीतभर खचली की संपलं. नळ आला की माणूस फ्लश करतोच, आणि तो मैला खालच्या अंगाला राहणाऱ्याच्या मोरीतून वर येतो. क्राइस्टचर्चला तर एव्हन नदीतही कच्चा मैला गेला.

प्रतिसाद १: अजिबात पटलं नाही. १९९५ च्या भूकंपात जपानमधल्या कोबेत आगी भडकल्या तेव्हा हायड्रंट, म्हणजे आग विझवायचे रस्त्यावरचे नळ, कोरडे होते. दवाखान्यांचं काय करणार? शिवाय पाण्याच्या लाइनमधला दाब गेला की शेजारच्या फुटक्या ड्रेनेजचं पाणी तिच्यात ओढलं जातं. म्हणजे नळ बंद ठेवूनही रोगराईच. आणि ड्रेनेज तपासणं झटपट होत नाही. ते खोल असतं, आधी गाळ उपसा, मग कॅमेरा घाला. क्राइस्टचर्चला हे काम वर्षानुवर्षं चाललं. तोवर लोकांनी हात कशाने धुवायचे? पाणी सोडा आणि फ्लश करू नका म्हणून सांगा.

धागाकर्ती: दाबाचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. मग मुख्य लाइन भरलेली ठेवा आणि घरांऐवजी चौकातल्या नळावर पाणी द्या. नुसतं सांगून भागत नाही. क्राइस्टचर्चला रासायनिक शौचालयं, म्हणजे मैला रसायनात साठवणारे डबे, हजारोंनी वाटली. तो भरलेला जड डबा न हिंदकळता रस्त्यावरच्या टाकीपर्यंत न्यायचा, रोज. गुडघे दुखणाऱ्या म्हातारीला हे कसं जमावं? ती फ्लशच करणार, आणि तिला मी दोष देणार नाही.

प्रतिसाद २: चौकातून बादल्या वाहणं त्याच म्हातारीला जमेल का?
जपानमध्ये ठरावीक मॅनहोलवर थेट शौचालय बसवायची सोय आधीपासून करून ठेवतात. कोबेत हिगाशिनादा हे मैलापाणी शुद्ध करणारं केंद्र मोडलं, तेव्हा शेजारचा कालवा अडवून त्यातच मैला निवळवला. ही तयारी आधी करा.

प्रतिसाद १: मॅनहोलखालची लाइनच गाळाने भरली असेल तर? क्राइस्टचर्चच्या काही भागांत पुढे व्हॅक्यूम लाइन, म्हणजे हवा खेचून मैला ओढणारे पाइप, टाकल्या, त्यांना उतार कमी लागतो. पण त्यांना वीज लागते, आणि भूकंपात वीजच आधी जाते.