घड्याळाचा सेल घरी बदललात? काय झालं ते इथे लिहा

लंबक
मनगटी घड्याळाचा सेल बदलायला दुकानात दीडशे-दोनशे रुपये मागतात. तेवढ्यात ऑनलाइन सेलची अख्खी पट्टी मिळते. वर 'दोन मिनिटांत घरच्या घरी' छापाचे व्हिडिओ आहेतच. त्यामुळे हल्ली घरोघरी मंडळी भाजीची सुरी, भिंग आणि भुवया उपटायचा चिमटा घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसलेली दिसतात. त्यांचं पुढे काय होतं, हे ऐकायला हा धागा.

एकच विनंती. घड्याळ कसलं (काट्यांचं की आकड्यांचं), मागचं झाकण दाबाचं, आट्यांचं की स्क्रूंचं, आणि सेलचा नंबर काय, एवढं जरूर लिहा. 'सेल टाकला आणि बंद पडलं' यावरून कुणालाच काही कळत नाही. 'मी नेहमी बदलतो, काही होत नाही' हेही लिहा, फक्त कसं ते सांगा.

माझं मत आधीच देऊन ठेवतो. सेल बदलणं सोपंच आहे. झाकण उघडणं त्याहून अवघड, आणि ते परत बसवणं सगळ्यात अवघड. व्हिडिओत नेमकं तेवढंच कापलेलं असतं.

खाडीपलीकडचा
डोंबिवली. बायकोचं लेडीज घड्याळ, काट्यांचं, चपटं, दाबाचं झाकण, सेल ६२६. सुरीचं टोक खाचेत घालून जरा पिरगाळलं की झाकण निघालं. सेल दोन मिनिटांत बसला, काटा पळायला लागला, मी चहा मागवला. मग झाकण लावायला घेतलं. अंगठ्यांनी दाबलं, एका बाजूने बसे, दुसऱ्या बाजूने उचले. टेबलावर टॉवेल ठेवून तळहाताने सगळा भार दिला, तरी नाही. शेजारच्या काकांकडे सुतारकामाचा वाइस आहे. त्यात रुमालात गुंडाळून हलकेच आवळलं. 'टक्' असा आवाज आला. मला वाटलं, बसलं! झाकण जसंच्या तसं वर, काच मात्र बारापासून पाचपर्यंत तडकलेली. नवीन काच, झाकण आणि हिचे टोमणे धरून दुकानवाल्याच्या पाचपट खर्च झाला.

घड्याळजीचा_मुलगा
खाडीपलीकडचे काका, हे फार ओळखीचं आहे हो. आमचं सोलापुरात घड्याळांचं छोटं दुकान, बाबा अजून बसतात. दाबाचं झाकण बसवायला आमच्याकडे हाताने दाबायचा प्रेस असतो आणि वेगवेगळ्या मापांच्या प्लॅस्टिकच्या चकत्या. खालची चकती मुद्दाम पोकळ, वाटीसारखी निवडायची, म्हणजे ती घड्याळाच्या कडेवर टेकते आणि काचेला शिवतसुद्धा नाही. वाइसमध्ये सगळा दाब काचेच्या मधोमध येतो. ती फुटणारच.

दुसरं म्हणजे, अशा बऱ्याच झाकणांना आतल्या काठावर एक छोटी खाच असते. ती चावीच्या (म्हणजे काटे फिरवायच्या बाजूच्या बटणाच्या) दांडीसमोर यायला हवी. नाही आली तर झाकण कितीही दाबा, बसत नाही. फार जोर केला तर दांडी वाकते आणि मग चावी फिरेनाशी होते. म्हणून बाबा उघडण्याआधी झाकणावर आणि केसवर (घड्याळाच्या कवचावर) पेनाने एकच बारीक रेघ मारून घेतात.

पण खरी वाट लागते ती कॉइलची. सेलच्या शेजारी तांबूस रंगाची, रिळासारखी गुंडाळी दिसते ना, तीच. तार केसापेक्षा बारीक. सेलची पट्टी उचकटताना पेचकस निसटला, कॉइलवर नुसता ओरखडा गेला, की तार तुटली. साध्या डोळ्यांना काही दिसत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, 'नवा सेल टाकलाय, तरी चालत नाही, सेलच खराब दिसतोय.' बाबा भिंगाखाली धरतात आणि काही न बोलता मशीनचा भाव सांगतात. साध्या घड्याळात कॉइल बदलत कुणी बसत नाही, अख्खं मशीनच बदलतात.

आणखी एक. सेकंदकाटा एकेका सेकंदाऐवजी दोन-दोन सेकंदांची उडी मारायला लागला, तर बऱ्याच क्वार्ट्झ (सेलवर चालणाऱ्या) घड्याळांत ती सेल संपत आल्याची खूण असते, घड्याळ बिघडलेलं नसतं. तेव्हाच आणून द्या. आणि लोखंडी चिमट्याने सेल दोन्ही तोंडांना धरू नका, अधिक-उणे जोडले जातात आणि नवा सेल तिथेच उतरायला लागतो. प्लॅस्टिकचा चिमटा वापरा, नाहीतर कडेने धरा.

निळाई
माझा मात्र चांगला अनुभव! कॅसिओ एफ-९१डब्ल्यू, आकड्यांचं, मागे चार स्क्रू, सेल सीआर२०१६. दाबादाबीचा प्रश्नच नाही. चिपळूणला असताना भावाने शिकवलं, तेव्हापासून घरातली दोन्ही मीच बदलते.

यात दोन गोष्टी व्हिडिओत पटकन निघून जातात. झाकण उचललं की आत एक इवलीशी स्प्रिंग उभी असते, मोहरीच्या दाण्याला पाय फुटावेत एवढी. गजराची टिक-टिक तिच्यातून झाकणापर्यंत जाते. घड्याळ उलटं केलंत की ती पडते, आणि फरशीवर पडली की गेली. वेळ नीट दाखवतं पण गजर मुका झाला, असं कुणी म्हणालं तर पहिली शंका तिच्यावर घ्या. मी पांढऱ्या ताटात बसून काम करते, काठ असलेलं ताट हवं.

दुसरी गोष्ट, नवा सेल टाकल्यावर पडद्यावर काहीच आलं नाही किंवा अर्धवट आकडे आले तर घाबरू नका. आत 'एसी' लिहिलेला एक ठिपका असतो. तो आणि सेलची अधिक बाजू चिमट्याने क्षणभर जोडायची, की घड्याळ नव्याने सुरू होतं. कितीतरी लोक इथेच 'मेलं' म्हणून फेकून देतात.

अर्धा_मिनिट
मध्येच विचारतो. ६२६ म्हणून मागितलं तर एकाने एजी४ दिला, एकाने ३७७. फरक काय?

घड्याळजीचा_मुलगा
माप तेच, ६.८ मिमी व्यास आणि २.६ मिमी जाडी. ३७७ म्हणजे एसआर६२६एसडब्ल्यू, सिल्व्हर ऑक्साइडचा, १.५५ व्होल्ट, शेवटपर्यंत विजेचा दाब जवळजवळ सारखा ठेवतो. एजी४ म्हणजे एलआर६२६, अल्कलाइन, स्वस्त. त्याचा दाब हळूहळू उतरत जातो आणि तो लवकर संपतो. संपल्यावर आतच राहिला तर गळतो, हे मोठं दुखणं. पट्टीत स्वस्तात मिळतात ते बहुतेक हेच. खेळण्याला, लेझरला चालतील, घड्याळात मी घालणार नाही.

सीआरचे आकडेही वाचायला सोपे आहेत. २०१६ म्हणजे २० मिमी रुंद, १.६ मिमी जाड. २०२५ म्हणजे २.५ जाड. 'जरा जाड आहे, पण बसतोय' म्हणून २०१६ च्या जागी २०२५ कोंबलेला आम्ही बघितलाय. आतल्या पट्ट्या वाकल्या होत्या.

वेंगुर्ल्याचा
आमच्याकडे सेल नाही, पाणी हा प्रश्न आहे. मुलाच्या घड्याळावर '५० मीटर' लिहिलेलं, आट्यांचं झाकण. जावयाने मेहनतीने उघडलं, सेल टाकला, घट्ट आवळलं. सगळं छान. पहिल्या पावसात काचेच्या आतून धुकं. ऊन लागलं की जाई, संध्याकाळी परत. गणपतीपर्यंत डायलवर तपकिरी ठिपके आले. कोकणातली हवा, मिठाची. दुकानात उघडलं तर आतला काळा रबरी वॉशर खोबणीतून बाहेर येऊन एका जागी चिमटला होता.

तिथल्या माणसाने सांगितलं ते असं. वॉशर जुना झाला की चपटा नि कडक होतो, तो नवीन घालावा. नसला तर निदान सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात द्यावा. खोबणीत केस, धागा काही राहू देऊ नये. आणि '५० मीटर' हा कारखान्यातल्या दाबाच्या चाचणीचा आकडा आहे. घरी एकदा उघडलं की तो झाकणावर छापलेला राहतो, एवढंच. पोहायला वापरायचं असेल तर पुन्हा दाबाची चाचणी करून घ्यायची. जावयाला काही बोललो नाही. जावईच तो.

दूरदेशी
न्यू जर्सीहून. सौर घड्याळवाल्यांनो, सावध! माझ्या नवऱ्याच्या उन्हावर चालणाऱ्या कॅसिओने मान टाकली. आत पाहिलं तर १६१६ मापाचा सेल. दुकानातून सीआर१६१६ आणला, बसवणारच होता. नशिबाने जुन्या सेलवरची अक्षरं मोठी करून वाचली, सीटीएल१६१६. हा पुन्हा भारित होणारा सेल. सीआर होत नाही. माप एकच, पण घड्याळ उन्हात ठेवलं की ते त्या साध्या लिथियम सेलमध्येही वीज ढकलत राहणार, आणि मग तो फुगतो, गळतो. सिटिझनच्या इको-ड्राइव्ह या उजेडावर चालणाऱ्या घड्याळांतही असाच वेगळा सेल असतो. कधीकधी त्याला काही झालेलंच नसतं, पेटीत अंधारात पडून तो रिकामा झालेला असतो. दोन-तीन दिवस खिडकीत ठेवून बघा आधी.

रात्रपाळी
सगळे काचेबद्दल आणि वॉशरबद्दल बोलताय, म्हणून लिहिते. मी नाशिकला लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. घरी सेल बदलताना काढलेला जुना सेल कुठे ठेवता? टेबलावर, खिडकीत, चाव्यांच्या वाटीत. घड्याळातला सेल बाळाच्या हाती लागत नाही, बाहेरचा लागतो.

गिळलेला सेल पोटात उतरून शौचावाटे निघून गेला तर बरं. अन्ननलिकेत अडकला तर मात्र दोन तासांतही आत खोल भाजतं. सेल फुटायची, गळायची गरज नसते. ओल्या मांसाला दोन्ही बाजूंनी टेकला की वीज वाहते आणि उणे बाजूला तीव्र अल्कली तयार होते. कॉस्टिक सोड्याने हात भाजतो, त्याच जातीचं. आणि 'सेल संपलेलाच होता' हे आईबाबांचं पहिलं वाक्य असतं. घड्याळ चालवायला न पुरणारी वीज एवढं करायला पुरते. २० मिमीचे तीन व्होल्टवाले लिथियम सेल, म्हणजे २०१६, २०२५, २०३२, सगळ्यात वाईट, कारण लहान मुलाच्या गळ्यात अडकायला ते नेमके रुंद आहेत.

मूल सांगत नाही. लाळ गळते, खायला नको म्हणतं, उलटी, खोकला. साध्या सर्दी-घशासारखंच दिसतं. एक्स-रे काढला की नाण्यासारखी गोल सावली दिसते, पण काठाला दुहेरी कडा असते, त्यावरून डॉक्टर ओळखतात. शंका आली तरी थेट एक्स-रे आणि एंडोस्कोपीची (घशातून नळी घालून आत बघायची) सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात. उलटी करवू नका. केळं-भात भरवू नका. अमेरिकेतल्या नॅशनल कॅपिटल पॉयझन सेंटरच्या सूचनांत, एक वर्षावरच्या मुलाने गेल्या बारा तासांत सेल गिळला असेल आणि त्याला गिळता येत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे (चहाचे) चमचे मध द्यायला सांगितलंय, जास्तीत जास्त सहा वेळा. पण मध शोधण्यात वेळ घालवायचा नाही. घरात नसेल तर तसंच निघायचं.

माईआजी
नर्सताई, बरं झालं लिहिलंत. आमच्या नातीने सेल नाकात घातला होता, घड्याळातलाच, बारका. आम्हाला पत्ता नाही. एकाच नाकपुडीतून घाण वासाचं, काळपट पाणी यायला लागलं. सूनबाई म्हणाली सर्दी, मी वाफ दिली. दुसऱ्या दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी काढला, तोवर मधला पडदा आतून जळाला होता. भोक पडता पडता वाचलं. आता पोर ठीक आहे. ज्याने सेल बदलला त्याचं नाव मी इथे घेत नाही, तो हे वाचतो.

दूरदेशी
आजी, बापरे. इकडे २०२२ मध्ये रीसीज लॉ नावाचा कायदाच झाला. असे सेल मुलांना उघडता येणार नाहीत अशा वेष्टनात विकायचे, आणि उपकरणातलं सेलचं झाकणही सहज निघता कामा नये.

लंबक
धागा काढताना तुटलेल्या काचांचे किस्से येतील असं वाटलं होतं. असो. काढलेला सेल ताबडतोब दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीत गुंडाळून बंद डबीत, आणि डबी ई-कचऱ्यात. आपल्याकडेही २०२२ पासून बॅटरी कचऱ्याचे नियम आहेत, घंटागाडीच्या ओल्या-सुक्यात टाकायची ही वस्तू नाही. काढलेला सेल मोजून ठेवा, नवे आणलेलेही.

पट्टेवाला
स्मार्ट बँडबद्दल एवढंच सांगतो. त्यात बदलायचा सेल नसतो. काचेखाली डिंकाने चिकटवलेली लिथियमची पातळ पिशवी असते. मित्राने हेअर ड्रायरने काच सैल केली आणि पिशवी पेचकसाने खरवडली. धूर, ठिणग्या, टेबलाला काळा डाग. फुगलेली असेल तर हातही लावू नका.

अर्धा_मिनिट
वातावरण फार गंभीर झालंय, म्हणून. आमच्या नागपूरच्या मामांनी आजोबांचं बंद पडलेलं एचएमटी जनता उघडलं. अर्धा तास भिंगातून सेलची जागा शोधत होते. मग आजी म्हणाली, 'अरे, त्याला किल्ली द्यावी लागते.' किल्ली दिली, चालू!

सांजवेळ
माझा प्रश्न वेगळा आहे. बाबा गेल्यापासून त्यांचं क्वार्ट्झ घड्याळ कपाटात होतं. काल झाकण काढलं तर सेलभोवती पांढरट-हिरवी पूड. घासून काढू का? व्हिनेगर लावा असं कुणीतरी सांगितलं.

घड्याळजीचा_मुलगा
ताई, व्हिनेगर नको, काहीच लावू नका. ते ओघळून कॉइलखाली गेलं तर उरलंसुरलंही जाईल. पूड फक्त सेलच्या पट्टीवर असेल तर आम्ही ती साफ करतो आणि घड्याळ बहुतेक वेळा चालतं. सर्किटवरची तांब्याची रेघ खाल्ली असेल तर मशीन बदलावं लागतं, पण डायल, काटे, केस बाबांचेच राहतात. तेच मशीन अजून मिळतं का, ते त्यावर कोरलेल्या नंबरावरून कळेल. पूड बोटाला लागली असेल तर हात धुवा, डोळ्यांना लावू नका. झाकण दाबून बसवायच्या फंदात पडू नका. घड्याळ उघडी बाजू वर करून एका लहान डबीत ठेवा, झाकण आणि वॉशर वेगळ्या कागदात गुंडाळा, आणि तुमच्या गावात जो म्हातारा घड्याळजी अजून भिंग लावून बसतो त्याच्याकडे तसंच न्या. गाव कुठलं तुमचं?