पावसाळ्यात कुत्र्याच्या कानांना येणारी खाज: हे माइटच असतात का आणि प्रतिबंध कसा करावा?

प्रश्न: म्हापशाची वाचक

नमस्कार. आमच्याकडे चार वर्षांचा लॅब्राडोर आहे आणि मागच्या अंगणात एक मांजरी आपल्या पिल्लांसह राहते. मिरग लागला की कुत्र्याचे दोन्ही कान लाल होतात, तो सतत डोके झटकतो आणि कानांतून आंबूस वासाचा, तपकिरी, तेलकट मळ निघतो. हा त्रास चतुर्थीपर्यंत चालतो आणि पावसाचा जोर ओसरला की बराचसा कमी होतो. शेजारच्या काकींच्या मते हे कानातले किडे, म्हणजे माइट, असून ते मांजरीकडून येतात. कोमट खोबरेलात कापूर विरघळवून रोज दोन थेंब घालावेत, असे त्या सुचवतात. मी अद्याप काहीही घातलेले नाही. यंदा पाऊस सुरू होण्यापूर्वीच काय काळजी घ्यावी, कान कशाने आणि किती वेळा स्वच्छ करावेत, आणि मांजरांना अंगणातून हाकलावे लागेल का, याविषयी जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर: सड्यावरचा, डिचोली

आपल्या वर्णनात दोन्ही कान एकाच वेळी बिघडतात आणि तेही ठरावीक हंगामात, हे मला महत्त्वाचे वाटते. आमच्या भागात दिवाळीनंतर सड्यावरचे, म्हणजे कातळाच्या पठारावरचे, गवत वाळते. त्या दिवसांत फिरून आलेला कुत्रा अचानक एकाच बाजूला डोके कलते करून झटकू लागला, तर आम्ही आधी कुसळाचा संशय घेतो. कुसळ पुढेच सरकत जाते, मागे येत नाही, आणि कानाच्या पडद्यालाही इजा करू शकते, म्हणून ते घरी चिमट्याने उकरू नये. गोचिडीही कानपाळीच्या घडीत आणि कानाच्या मुळाशी दडून बसतात. फिरून आल्यावर कान उलटून पाहण्याची सवय या दोन्हींसाठी उपयोगी आहे, आपल्या प्रश्नाचे मूळ मात्र वेगळे दिसते.

उत्तर: पशुवैद्यक, फोंडा

न तपासता निदान करणे योग्य नाही; तरीही वर्णन वाचून माइटपेक्षा यीस्टची, म्हणजे एका प्रकारच्या सूक्ष्म बुरशीची, शक्यता मला अधिक वाटते. कानातले माइट, म्हणजे ऑटोडेक्टीस सायनोटिस, प्रामुख्याने मांजरांत आणि लहान पिल्लांत आढळतात, आणि त्यांच्यामुळे साचणारा मळ कोरडा, काळपट, कॉफीच्या चोथ्यासारखा असतो. प्रौढ कुत्र्याच्या कानातला आंबूस वासाचा, तेलकट, तपकिरी मळ बहुधा मॅलॅसेझिया नावाच्या यीस्टकडे बोट दाखवतो. ही यीस्ट निरोगी कानातही थोड्या प्रमाणात असतेच. कुत्र्याच्या कानाची नळी आधी सरळ खाली उतरते आणि मग जवळजवळ काटकोनात आत वळते. वर लोंबती पाळी, बाहेर जून ते सप्टेंबरची दमट हवा, आणि लॅब्राडोरसारख्या जातीत वारंवार आढळणारी त्वचेची ॲलर्जी, असे सगळे जुळून आले की तिची वाढ बेसुमार होते. कान पुन:पुन्हा बिघडत असतील तर मुळाशी ॲलर्जी आहे का, हे पाहावेच लागते. ती हवेतल्या घटकांची असू शकते किंवा आहारातली. आहाराची शंका असल्यास पूर्वी कधीही न खाल्लेल्या प्रथिनावर निदान आठ आठवडे ठेवावे लागते, आणि त्या काळात घरातल्या वडीलधाऱ्यांनी पानाखालून माशाचा तुकडा सरकवला तर सारी मेहनत वाया जाते. (तसे होतेच, हा आमचा अनुभव आहे.)

कापूर घातलेले तेल कृपया टाळावे. तेलाने काही माइट गुदमरतात हे खरे, परंतु कापूर सुजलेल्या त्वचेला झोंबतो आणि चाटण्यातून पोटात गेल्यास विषारी ठरतो. शिवाय ही यीस्ट त्वचेवरच्या स्निग्ध पदार्थांवरच जगते, त्यामुळे यीस्ट असलेल्या कानात तेल घालण्यात अर्थ नाही. व्हिनेगर, स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्याही वाटेला जाऊ नये. पडदा फाटलेला असेल तर काही औषधे आणि द्रावणे आतल्या कानाला अपाय करून बहिरेपणा आणू शकतात. म्हणून औषध घालण्यापूर्वी ऑटोस्कोपने कान पाहणे आणि मळाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे आवश्यक आहे. ही तपासणी पावसाच्या आधी, मे महिन्यातच करून घ्यावी.

निरोगी कान सारखे धुण्याची गरज नसते. अति स्वच्छतेनेही त्वचा चिडते. आपल्या कुत्र्यासाठी पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, आणि आंघोळीनंतर किंवा समुद्रात पोहून आल्यावर, कुत्र्यांसाठीच्या इअर क्लीनरने कान स्वच्छ करणे साधारणपणे पुरेसे होईल. द्रावण नळीत भरावे, कानाच्या मुळाशी अर्धा मिनिट हलके चोळावे, कुत्र्याला डोके झटकू द्यावे आणि वर आलेला मळ कापसाने टिपून घ्यावा. इअरबड आत घालू नये, कारण त्याने मळ वळणापलीकडे ढकलला जातो. तीव्र झटकण्यामुळे पाळीत रक्त साचून ती फुगली, मान एका बाजूला कलली, चालताना तोल गेला किंवा कानाला हात लावू देत नसेल, तर घरी काही न करता दवाखान्यात यावे.

प्रश्नकर्ती

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. तपासणीत माइटच निघाले तर मांजरांचे काय करायचे? कुत्र्याच्या पिसवांसाठी मानेवर घालायचे औषध घरात आहे. तेच मांजरीला थोडे कमी प्रमाणात चालेल का?

उत्तर: पशुवैद्यक, फोंडा

ते औषध मांजरीला मुळीच घालू नये. कुत्र्यांसाठीच्या अशा अनेक औषधांत पर्मेथ्रिन असते आणि ते मांजराच्या जिवावर बेतते. कुत्र्याला औषध घातल्यानंतरही ते वाळेपर्यंत मांजरांना त्याच्या अंगाला घासू देऊ नये.

माइट सिद्ध झाले, तर कुत्रा, मांजरी आणि पिल्ले या सर्वांवर एकाच वेळी उपचार करावे लागतात, कारण एकमेकांच्या अंगाला अंग लागले तरी ते पसरतात. एकाला बरे करून दुसऱ्याला सोडले तर संसर्ग परत येणारच. अंड्यापासून प्रौढ माइट होण्यास सुमारे तीन आठवडे लागतात, त्यामुळे खाज थांबली म्हणून उपचार मध्येच सोडू नयेत. हे माइट मान आणि शेपटीच्या मुळाशीही फिरतात, म्हणून नुसत्या कानातल्या थेंबांवर विसंबण्यापेक्षा सेलामेक्टिनसारखे सर्वांगावर परिणाम करणारे औषध सोयीचे पडते. मात्र कुत्रा आणि मांजर यांच्यासाठी त्याची वेष्टने आणि मात्रा वेगळ्या असतात, आणि पिल्लांचे वय व वजन पाहूनच ते दिले जाते. अंथरुणे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावीत. पावसात ऊन नसेल तर निदान ती बदलत राहावीत, कारण शरीराबाहेरही माइट काही दिवस तग धरतात. मांजरांना हाकलण्याची मात्र आवश्यकता नाही. हाकललेल्या मांजरांच्या जागी दुसरी येतात, आणि त्यांच्या कानांत काय आहे हे आपल्याला ठाऊक नसते.